न दिसणारी जखम

रणांगणावर झालेली जखम आपली साक्ष आपणच देत असते. ज्याचा पाय सुरुंगानें उडाला, त्यास "हा पाय तूं कोठें गमावलास?" असें विचारण्याचें धाडस कोणताहि सरकारी कारकून करीत नाहीं. परंतु युद्धावरून धडधाकट परत आलेला, घरच्यांनीं दारांत ज्याची दृष्ट काढिली, असा एखादा सैनिक आठ-दहा वर्षांनीं अकारण झिजूं लागला, त्याच्या अंगावर चट्टे उठले, पोटांत गांठ निघाली, तर त्यानें कोणास काय दाखवावें? त्याची जखम दिसत नाहीं. ती कधीं झाली हें त्याचें त्यालाहि ठाऊक नसतें. ज्यानें ती केली तो पुष्कळदां शत्रूहि नसतो. तें त्याच्याच सैन्याचें विमान असतें, किंवा त्याच्याच अधिकाऱ्यानें हातावर ठेवलेली गोळी असते. असा माणूस कचेरीच्या खिडकीपाशीं जाऊन "माझा आजार हा माझ्या नोकरीनें दिलेला आहे" असें म्हणूं लागला, कीं आंतून एकच प्रश्न येतो: "कशावरून?"

या एका प्रश्नाभोंवतीं अमेरिकेंत गेल्या अर्धशतकांत जो झगडा चालला, त्याची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें मांडणार आहोंत. हा झगडा न्यायालयांत झाला, प्रयोगशाळांत झाला, कायदेमंडळांत झाला. आणि तो दूरचित्रवाणीच्या पडद्यावरहि झाला. या शेवटच्या रणभूमीचें नांव ऐकून कांहीं वाचकांच्या कपाळास आठी पडेल. दूरचित्रवाणी म्हणजे जेवणानंतरची करमणूक, अशी आपली समजूत आहे आणि बहुतेक वेळां ती खोटीहि नसते. तथापि १९८६ ते १९९८ या बारा वर्षांत तेथील दूरचित्रवाणीनें या विषयावर जीं नाट्यें दाखविलीं, त्यांपैकीं चार आम्हीं येथें विचारास घेतलीं आहेत; कारण त्यांचा त्या देशाच्या सामाजिक इतिहासाशीं निकटचा संबंध आहे. शिवाय या माध्यमाची एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. नाटक पाहावयास आपण घराबाहेर जातों. दूरचित्रवाणीवरील नाट्य आपल्या बैठकीच्या खोलींत येतें. सैनिकाचा आजार हाहि रणांगणावर घडत नाहीं. तो त्याच्या घरांत, बायकोमुलांच्या देखत घडतो. विषय आणि माध्यम यांची अशी गांठ क्वचितच पडते.

प्रथम मूळ प्रकरण सांगितलें पाहिजे. व्हिएतनामच्या युद्धांत घनदाट जंगल हा शत्रूचा मोठा आधार होता. तो नाहींसा करण्यासाठीं अमेरिकन हवाई दलानें १९६२ पासून १९७१ पर्यंत झाडांचीं पानें झडविणाऱ्या व पिकें जाळणाऱ्या औषधांचा वर्षाव केला. या मोहिमेस 'रँच हँड' असें नांव होतें. सुमारें २ कोटि गॅलन द्रव त्या भूमीवर पडला, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक एकाच प्रकारचा होता. तो ज्या पिंपांत भरून येई त्यांवर नारिंगी पट्टा असे. त्यावरून त्यास 'एजंट ऑरेंज' हें नांव पडलें. दोन तणनाशकांच्या या मिश्रणांत, तें तयार होत असतांनाच, डायॉक्सिन नांवाचें एक अत्यंत जहाल विष अल्प प्रमाणांत उतरत असे. प्रयोगशाळेंतील प्राण्यांच्या पिल्लांवर यांतील एका तणनाशकाचे दुष्परिणाम दिसून आल्यावर १९७० च्या एप्रिलमध्यें एजंट ऑरेंजचा लष्करी वापर थांबविण्यांत आला. तोंपर्यंत लाखो सैनिक त्या झडलेल्या रानांतून चालले होते व तेथील ओढ्यांचें पाणी प्याले होते. विमानांतून पडणारें तें धुकें माणसास अपायकारक नाहीं, असेंच त्यांस सांगण्यांत आलें होतें.

यानंतर कांहीं वर्षें शांततेंत गेलीं. १९७७ सालीं शिकागो येथील माजी सैनिकांच्या सरकारी कचेरींत मॉड डेव्हिक्टर नांवाची एक स्त्री काम करीत असे. सैनिकांच्या व त्यांच्या विधवांच्या मागण्या ऐकून घेणें व त्यांचे अर्ज भरून देणें, हें तिचें काम. एके दिवशीं एका बाईनें तिला दूरध्वनीवरून सांगितलें कीं, हवाई दलांत नोकरी केलेला आपला नवरा कर्करोगानें आजारी असून व्हिएतनाममधील औषधांनींच आपणांस मारलें असें तो म्हणतो. पुढें तो वारला आणि त्याच्या विधवेची मागणी नामंजूर झाली. हजारों अर्जांत हा एक अर्ज होता आणि तो तसाच बासनांत बांधला गेला असता, तर कोणी डेव्हिक्टरबाईंस दोष दिला नसता. परंतु त्यांनीं येणाऱ्या प्रत्येक आजारी सैनिकास विचारावयास सुरुवात केली: तूं कोठें होतास? केव्हां होतास? तुझ्या अंगावर कांहीं पडलें होतें काय? उत्तरें त्यांनीं एका वहींत टिपून ठेविलीं. वरिष्ठांनीं हें काम थांबविण्यास सांगितलें, तेव्हां ती माहिती त्यांनीं शिकागोमधील दूरचित्रवाणीच्या बिल कर्टिस या वार्ताहराच्या हातीं दिली. १९७८ च्या मार्चमध्यें त्याचा वृत्तपट दाखविला गेला, आणि देशभर विखुरलेल्या सैनिकांस आपण एकटे नाहीं हें प्रथमच कळलें. तोंपर्यंत प्रत्येकजण आपला आजार हें आपलें दैव समजत होता.

आतां वाचक विचारतील कीं, मग हे सैनिक न्यायालयांत कां गेले नाहींत? या प्रश्नाचें उत्तर या प्रकरणाचें मर्म सांगणारें आहे. सैनिकास नोकरींत झालेल्या अपायाबद्दल सरकारवर दावा करतां येत नाहीं, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९५० सालीं 'फेरेस' खटल्यांत देऊन ठेवला होता. म्हणजे सरकारविरुद्धचा दरवाजा बंद. राहिला माजी सैनिकांच्या खात्याकडे अर्ज करण्याचा मार्ग. परंतु त्या खात्यानें अर्ज फेटाळला तर त्यावर न्यायालयांत अपील नव्हतें. आणि वकील द्यावा म्हटलें तर यादवी युद्धाच्या काळांतील, १८६४ सालचा, एक कायदा आड येत होता. त्या कायद्याप्रमाणें अशा कामीं वकिलास १० डॉलरांहून अधिक मोबदला घेतां येत नसे! सैनिकांच्या विधवांस लुबाडणाऱ्या दलालांना आळा घालण्यासाठीं हा नियम झाला होता. सव्वाशें वर्षांनीं त्याचा उपयोग विधवांस वकील मिळूं न देण्याकडे होत होता. आणि १९८५ मध्येंहि, अणुचाचण्यांत सांपडलेल्या सैनिकांनीं त्याविरुद्ध दाद मागितली असतां, सर्वोच्च न्यायालयानें तो नियम वैध ठरविला. चांगल्या हेतूनें केलेला कायदा जुना झाल्यावर किती निर्दय होऊं शकतो, याचें याहून बोलकें उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

सरकारवर दावा लागेना, तेव्हां सैनिकांनीं तें औषध तयार करणाऱ्या कंपन्यांवर दावा लावला. १९८४ सालच्या मे महिन्याच्या ७ तारखेस, सुनावणीस प्रारंभ व्हावयाच्या कांहीं तास आधीं, त्यांत तडजोड झाली. सात कंपन्यांनीं कोणताहि दोष कबूल न करतां १८ कोटि डॉलर देऊं केले. आंकडा डोळे दिपविणारा आहे. परंतु पुढील दहा वर्षांत सुमारें ५२,००० सैनिकांस अगर त्यांच्या वारसांस ती रक्कम वांटून झाली, तेव्हां दर माणशीं सरासरी ३,८०० डॉलरांच्या आसपास पडले. पैशापेक्षांहि अधिक बोचणारी गोष्ट निराळीच होती. खटला न चालल्यामुळें "आम्हांस काय झालें?" या सैनिकांच्या प्रश्नाचें उत्तर कोणीहि दिलें नाहीं. त्यांना पैसे मिळाले. मान्यता मिळाली नाहीं.

या कोंडींत १९८६ च्या नोव्हेंबरांत एन्‌बीसी या वाहिनीवर 'अन्नॅचरल कॉझेस' हें नाट्य दाखविण्यांत आलें. नांवाचा अर्थ 'अनैसर्गिक कारणें'. मृत्यूच्या दाखल्यावर कारकून 'नैसर्गिक कारणानें' असें लिहितो, त्या शब्दांवर हा सरळ आघात आहे. पटकथा जॉन सेल्स या नामवंत लेखक-दिग्दर्शकाची आणि दिग्दर्शन लॅमाँट जॉन्सन यांचें. आल्फ्रे वुडर्ड या नटीनें मॉड डेव्हिक्टरची भूमिका केली. फ्रँक कोलमन या कर्करोगग्रस्त सैनिकाच्या भूमिकेंत जॉन रिटर होता. रिटर हा नट वर्षानुवर्षें विनोदी मालिकेंत घरोघर हंसें पिकवीत आलेला. ज्या चेहऱ्याकडे पाहून प्रेक्षकांस हंसण्याची संवय जडलेली, तोच चेहरा ओढलेला व निस्तेज पाहावा लागावा, यांत योजकांचें चातुर्य दिसतें. परंतु आमच्या मतें या नाट्याचें खरें महत्त्व त्याच्या नायिकेंत आहे. युद्धाच्या कथेची नायिका येथें कचेरींतील एक नोकरदार स्त्री आहे. तिचें शस्त्र म्हणजे एक वही, आणि तिचें शौर्य म्हणजे जो प्रश्न विचारूं नको असें सांगितलें तो पुनः विचारणें. अर्ज, शेरे, नामंजुरीचीं पत्रें यांतूनहि नाट्य निर्माण होऊं शकतें, कारण त्या कागदांच्या मागें माणसाचें आयुष्य असतें, हें या कृतीनें दाखवून दिलें. खऱ्या डेव्हिक्टरबाईंस मात्र आपल्या चौकसपणाची किंमत द्यावी लागली; नाट्य दाखविलें जाण्यापूर्वींच त्यांची नोकरी गेली होती.

दुसरें नाट्य याहून विलक्षण. कारण त्यांतील कथा ग्रीक शोकांतिकेस शोभणारी असून अक्षरशः खरी आहे. ॲडमिरल एल्मो झुमवाल्ट हे १९६८ ते १९७० या काळांत व्हिएतनाममधील अमेरिकन आरमाराचे प्रमुख होते. मेकाँगच्या मुखाकडील अरुंद कालव्यांतून त्यांच्या लहान नौका गस्त घालीत, आणि कांठच्या झाडींतून होणाऱ्या गोळीबारानें त्यांचे पुष्कळ खलाशी प्राणांस मुकत. झुमवाल्टनीं ते कांठ औषध फवारून उजाड करण्याचा हुकूम दिला, आणि बळींची संख्या घटली. त्याच नौकांपैकीं एकीवर त्यांचा स्वतःचा मुलगा, तोहि एल्मोच, अधिकारी होता. पुढें १९८३ मध्यें या मुलास लसीका-ग्रंथींचा कर्करोग झाल्याचें निष्पन्न झालें. नातवाच्या मेंदूच्या वाढींतहि जन्मापासून दोष होता. बाप-लेकांनीं मिळून 'माय फादर, माय सन' हें पुस्तक लिहिलें. त्यावरून त्याच नांवाचें नाट्य १९८८ च्या मे महिन्यांत सीबीएस वाहिनीवर आलें. कार्ल माल्डन यांनीं बापाची आणि कीथ कॅरडाइन यांनीं मुलाची भूमिका केली. तें दाखविलें गेल्यावर तीन महिन्यांच्या आंत, ऑगस्टमध्यें, मुलगा वारला. तो ४२ वर्षांचा होता.

बापानें दिलेल्या हुकुमानें मुलगा दगावला, आणि मुलानें बापास दोष दिला नाहीं. त्या हुकुमानें कित्येकांचे प्राण वांचले, कदाचित् आपलाहि वांचला असेल, अशी मुलाची धारणा होती. बापानेंहि पश्चात्तापाचें नाटक केलें नाहीं. आतां कळलें तें तेव्हां ठाऊक असतें तरी खलाशांच्या जिवासाठीं आपण तोच हुकूम दिला असता, असें ते स्पष्ट सांगत. येथें खलनायक कोणीच नाहीं, आणि म्हणूनच हें नाट्य मनास अधिक चटका लावून जातें. झुमवाल्टनीं शोकाचें रूपांतर कामांत केलें. माजी सैनिक खात्याच्या प्रमुखांनीं त्यांच्याकडे या प्रश्नाचें परीक्षण सोंपविलें. १९९० च्या मे महिन्यांत दिलेल्या अहवालांत त्यांनीं पूर्वींच्या सरकारी संशोधनावर कठोर टीका केली आणि अनेक व्याधींचा डायॉक्सिनशीं संबंध मानावा असा अभिप्राय दिला.

आतां आम्ही या लेखाच्या गाभ्याशीं आलों. सरकारी पक्षाचें म्हणणें काय होतें, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. त्या पक्षांत सर्वच माणसें निष्ठुर नव्हतीं. त्यांत प्रामाणिक डॉक्टर व शास्त्रज्ञहि होते. ते म्हणत कीं, कर्करोग युद्धावर न गेलेल्यांनाहि होतो. अमुक माणसाचा कर्करोग अमुक द्रवानेंच झाला हें कोणत्याहि शास्त्रास सांगतां येत नाहीं. विधवेचे अश्रु खरे असतात. पण अश्रु हा पुरावा नव्हे. दूरचित्रवाणी एका माणसाचें दुःख दाखविते, शास्त्रास हजारों माणसांची तुलना करावी लागते. आणि एका दुःखानें भारावलेला समाज चुकीचा निर्णय घेण्याचा संभव असतो. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाहीं, आणि नाट्यलेखकांनीं त्यास पुरेसें उत्तर दिलें आहे असेंहि आम्हांस वाटत नाहीं. नाट्य हें सिद्ध करूं शकत नाहीं. तें केवळ दाखवूं शकतें.

परंतु या युक्तिवादांत दोन निरनिराळे प्रश्न एकत्र झाले आहेत. 'हा रोग कशानें होतो?' हा शास्त्राचा प्रश्न. तो सुटण्यास पन्नास वर्षें लागलीं तरी शास्त्रास घाई नाहीं. 'तें कळेपर्यंतचें नुकसान कोणीं सोसावें?' हा न्यायाचा प्रश्न, आणि त्यास उत्तर आजच पाहिजे, कारण रोगी आज मरत आहे. संशयाची स्थिति असेल तेथें तिचा फायदा सरकारी तिजोरीस द्यावयाचा कीं सैनिकास, एवढाच हा वाद होता. शिवाय पुरावा कोणाच्या हातीं होता तेंहि पाहावें. विमानें कोठें फिरलीं, पलटणी कोठें होत्या, हीं दप्तरें सैन्याचीं. व्हिएतनाममध्यें लढलेल्या सैनिकांवर औषधाचा काय परिणाम झाला याची मोठी सरकारी पाहणी १९८७ सालीं सोडून देण्यांत आली. कारण असें सांगण्यांत आलें कीं, कोणता सैनिक किती औषधाच्या संपर्कांत आला हें लष्कराच्या दप्तरांवरून ठरवितां येत नाहीं. सरकारच्या शास्त्रज्ञांस जें दप्तरांतून सांपडलें नाहीं, तें आजारी सैनिकानें एकट्यानें शोधून आणावें अशी अपेक्षा होती!

ही विसंगति हळूहळू दूर झाली. १९८८ मध्यें कायदा होऊन खात्याच्या निर्णयांवर न्यायालयांत दाद मागण्याची सोय झाली आणि १० डॉलरांची मर्यादा सैल झाली. १९८९ च्या मे महिन्यांत 'नेमर' खटल्यांत सान फ्रान्सिस्को येथील न्यायालयानें खात्याचे नियम रद्द केले. खात्यानें कार्यकारणाचा निर्णायक पुरावा मागितला होता. कायद्यास मात्र संख्याशास्त्रीय संबंध पुरेसा होता आणि संशयाचा फायदा सैनिकास द्यावयाचा होता, असें न्यायाधीशांनीं बजावलें. शेवटीं ६ फेब्रुवारी १९९१ रोजीं 'एजंट ऑरेंज कायदा' झाला. जो व्हिएतनामच्या भूमीवर त्या काळांत होता तो औषधाच्या संपर्कांत आला असें गृहीत धरावयाचें. अमुक व्याधि यादींत असली कीं ती नोकरीचीच मानावयाची. आणि यादी वेळोवेळीं शास्त्रज्ञांच्या मंडळाकडून तपासून घ्यावयाची, असें त्याचें स्वरूप होतें. 'कशावरून?' हा प्रश्न खिडकीच्या बाहेरून उचलून आंत ठेवण्यांत आला. नाट्यांमुळें हा कायदा झाला, असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. त्यामागें सैनिकांच्या संघटना, वकील, संशोधक व लोकप्रतिनिधि यांचे श्रम होते. परंतु कायदेमंडळांत मतदान करणारीं माणसेंहि संध्याकाळीं घरीं जातात आणि त्यांच्या मतदारांच्या घरींहि एक पडदा असतो. अविश्वास हा कांहीं केवळ युक्तिवादानें जात नाहीं. दुसऱ्याचें घर आंतून पाहिल्याशिवाय तो पुष्कळदां जातच नाहीं.

तिसऱ्या नाट्याचा उल्लेख थोडक्यांत करितों. १९८९ मध्यें टीएन्‌टी वाहिनीवर 'नाइटब्रेकर' दाखविलें गेलें. नेव्हाडाच्या वाळवंटांतील अणुचाचण्यांच्या वेळीं सैनिकांस स्फोटाच्या जवळ उभें करीत, त्याची ही कथा. एकाच डॉक्टराची तरुण व उतारवयांतील रूपें एमिलियो एस्टेव्हेझ व मार्टिन शीन या खऱ्याखुऱ्या पुत्र-पित्यांनीं वठविलीं आहेत. दोन लाखांहून अधिक सैनिक या चाचण्यांत सामील झाले होते. त्यांच्यावर गुप्ततेचें बंधन होतें आणि तें १९९६ पर्यंत उठलें नाहीं. म्हणजे आपण कोठें होतों हें आपल्या डॉक्टरासहि सांगण्याची त्यांना चोरी होती. त्यांत भर म्हणजे १९७३ च्या जुलैंत सेंट लुइस येथील दप्तरखान्यास आग लागून भूसेनेचीं लक्षावधि नोकरीपत्रकें जळून गेलीं. बोलूं नये असा हुकूम, आणि लिहिलेलें होतें तें जळालेलें. अशा स्थितींत पुरावा कोठून यावा? या सैनिकांपुरतें गृहीत धरण्याचें तत्त्व १९८८ च्या कायद्यानें तेरा प्रकारच्या कर्करोगांस लागू झालें.

वाटलें असतें कीं, इतकें शिकल्यावर तरी पुनः तोच पाठ गिरवावा लागणार नाहीं. पण 'एजंट ऑरेंज कायद्या'वर सही झाली त्या दिवशींच आखातांत दुसरें युद्ध चालूं होतें. सुमारें ७ लाख अमेरिकन सैनिक तेथें गेले, लढाई लवकर संपली, आणि परतल्यावर त्यांतील हजारोंना थकवा, सांधेदुखी, विस्मृति, पोटाचे विकार यांनीं घेरलें. एका रोगाचें नांव देतां येईना. तेव्हां हा मनाचा खेळ आहे, असें त्यांस ऐकावें लागलें. १९९१ च्या मार्चमध्यें इराकमधील खामिसिया येथील दारूगोळ्याचे साठे अमेरिकन सैनिकांनींच उडविले होते. त्यांत सारिन हा मज्जातंतूंवर घाला घालणारा विषारी वायु भरलेलीं अस्त्रें होतीं, ही गोष्ट संरक्षण खात्यानें १९९६ च्या जूनमध्यें कबूल केली. त्या वायूच्या टप्प्यांत किती सैनिक आले असावेत याचा अंदाज प्रथम कांहीं शेंकड्यांचा होता. तो वाढत वाढत १९९७ च्या जुलैंत सुमारें १ लाखावर गेला.

या प्रकरणावर शोटाइम वाहिनीनें १९९८ मध्यें 'थँक्स ऑफ अ ग्रेटफुल नेशन' हें दोन भागांचें नाट्य दाखविलें. सैनिकाच्या अंत्यविधीच्या वेळीं शवपेटीवरील ध्वजाची घडी करून ती आप्तांच्या हातीं देतात आणि कृतज्ञ राष्ट्राच्या वतीनें आभार मानतात; त्या उद्गारांवरून हें नांव घेतलें आहे, आणि त्यांतील उपरोध सांगावयास नको. सेनेटर रीगल यांच्या समितीसाठीं चौकशी करणाऱ्या जिम ट्युइट यांची भूमिका टेड डॅन्सन यांनीं केली. १९८६ च्या नाट्यांत एका कारकून बाईची वही होती. येथें सेनेटची समिति आहे, पण काम तेंच. एकेका सैनिकास विचारावयाचें: तूं कोठें होतास, भोंगा वाजला तेव्हां काय झालें, कोणत्या गोळ्या दिल्या? बारा वर्षांत राष्ट्राला पुनः त्याच प्रश्नांपासून आरंभ करावा लागला, हें पाहून मन उद्विग्न होतें. निदान न झालेल्या आजारासहि भरपाई देण्याचा कायदा १९९४ मध्येंच झाला होता. पण कायदा होणें आणि कचेरीची मनोवृत्ति बदलणें या दोन गोष्टी आहेत. सरकारच्याच हिशेबतपासणी खात्यानें २०१७ मध्यें दाखवून दिलें कीं, इतर कारणांच्या शंभरांतील ५७ मागण्या मंजूर होत असतां आखाती युद्धाच्या या आजारांच्या अवघ्या १७ मंजूर होत होत्या. पुढें इराक व अफगाणिस्तान येथील छावण्यांत कचरा जाळण्याच्या खड्ड्यांच्या धुरानें आजारी पडलेल्यांसाठीं १० ऑगस्ट २०२२ रोजीं मोठा कायदा झाला. त्याच कायद्यानें एजंट ऑरेंजच्या यादींत रक्तदाबाचा विकार घालण्यांत आला. तोंपर्यंत फवारणी थांबून पन्नास वर्षें लोटलीं होतीं.

या नाट्यांची थोरवी सांगितल्यावर त्यांची उणीवहि सांगितली पाहिजे. झाडांवर पडलेलें तें औषध अमेरिकन सैनिकांवर एक वर्ष पडलें, कारण त्यांची नेमणूकच बहुधा वर्षाची असे. व्हिएतनामी शेतकऱ्याचें तें घरच होतें. त्याची बायको व मुलें या पडद्यावर पार्श्वभूमीपुरतींच राहतात. २००४ मध्यें व्हिएतनामी पीडितांनीं त्याच कंपन्यांवर न्यूयॉर्कच्या न्यायालयांत दावा लावला. ज्या न्यायाधीश वाइनस्टाइन यांच्यापुढें १९८४ ची तडजोड झाली होती, त्यांनींच तो २००५ च्या मार्चमध्यें फेटाळला, आणि २००९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि तो ऐकण्यास नकार दिला. पुढें २०१२ ते २०१८ या काळांत दा नांग येथील विमानतळाची विषारी माती अमेरिकेच्या पैशानें शुद्ध करण्यांत आली, ही समाधानाची गोष्ट. परंतु मातीस जें मिळालें तें माणसांस मिळालें नाहीं.

आमच्या वाचकांस हें सर्व परक्या देशाचें पुराण वाटूं नये. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडील कित्येक घरांतून पिढ्यान्‌पिढ्या तरुण पलटणींत जात आले आहेत, आणि आजारानें घरीं पाठविलेल्या जवानाचा अर्ज ही तेथें अनोळखी वस्तु नाहीं. आपल्याकडेहि आजार 'सैनिकी सेवेमुळें उद्भवला किंवा वाढला' काय, यावरच अपंगत्वाचें निवृत्तिवेतन अवलंबून असतें. धरमवीर सिंग या जवानास अपस्माराच्या विकारावरून १९९४ मध्यें सेवेंतून कमी करण्यांत आलें आणि हा विकार सेवेचा नव्हे म्हणून निवृत्तिवेतन नाकारण्यांत आलें. २०१३ च्या जुलैंत आपल्या सर्वोच्च न्यायालयानें त्याच्या बाजूनें निर्णय दिला. भरतीच्या वेळीं ज्याच्या कागदांत कोणत्याहि रोगाची नोंद नाहीं तो तेव्हां निरोगी होता असें मानावें, आणि रोग सेवेचा नाहीं हें सिद्ध करण्याचा भार सरकारवर आहे, असें न्यायालयानें सांगितलें. दोन खंड, दोन सैन्यें, पण निर्णयाचें तत्त्व एकच. या निर्णयापर्यंत त्या जवानाचीं १९ वर्षें गेलीं. त्याच्यावर कोणी नाट्य लिहिलें नाहीं. आपल्या पडद्यावर सैनिक दिसतो तो बहुधा शत्रूवर तुटून पडणारा, किंवा तिरंग्यांत लपेटून येणारा; हातांत फाईल घेऊन कचेरीच्या बांकावर बसलेला सैनिक तेथें फारसा दिसत नाहीं.

सैनिक भरती होतो त्या वेळीं राष्ट्र त्यास पुरावा मागत नाहीं. युद्ध न्याय्य आहे कीं नाहीं, हातावर ठेवलेली गोळी निर्दोष आहे कीं नाहीं, हें तो विचारीत बसत नाहीं. त्यानें विश्वास ठेवावा अशीच अपेक्षा असते, आणि तो तसा ठेवतो. तो आजारी होऊन परत येतो तेव्हां त्याच विश्वासाची परतफेड राष्ट्रानें करावयाची असते. तिजोरीवर भार पडेल, क्वचित् एखाद्या न घेण्याजोग्या माणसासहि कांहीं मिळून जाईल, हें आम्हांस मान्य आहे. पण चूक व्हावयाचीच असेल तर ती कोणत्या बाजूस व्हावी, हें सभ्य समाजानें आधीं ठरवून ठेविलें पाहिजे. शिकागोच्या त्या कचेरींतील बाईंनीं तें एका दूरध्वनीनंतर ठरविलें होतें. त्यांच्या राष्ट्रास तें ठरविण्यास चौदा वर्षें लागलीं.